नाव, वय, धंदा, राहणार

गेल्या गणपतीत एका रात्री आरत्या आटोपल्या, भजनाची मंडळी उसळ-चहा घेऊन पुढच्या घरी गेली, आणि माझा भाचा वही-पेन घेऊन पडवीत माझ्याजवळ येऊन बसला. चौदा वर्षांचा आहे, मुंबईत वाढलाय, गावाला वर्षातून दोनदा येतो. म्हणाला, गोष्ट लिहितोय. गोष्टीत एक शहर आहे, तिथे सगळी भुतंच राहतात. जिवंत माणूस एकच, तो म्हणजे तिथल्या पोलीस ठाण्याचा इन्स्पेक्टर. शहरात गुन्हे होतात आणि हा एकटा त्यांचा तपास करतो. "आत्या, तुला कोकणातली सगळी भुतं माहीत आहेत ना? मला गुन्हेगार हवेत." गणपतीवरच्या माटवीला बांधलेल्या कवंडळांचा आणि ओल्या तेरड्याचा वास धुपात मिसळून पडवीपर्यंत येत होता, खळ्यात पाऊस लागला होता, आणि मीही रंगात येऊन सांगत सुटले. पिंपळावरचा मुंजा, मुंज झाली पण लग्नाआधीच गेलेला. रात्री मासे मारायला गेलेल्याला खाडीत ओढणारा गिऱ्हा. ओळखीच्या वाटेवर माणसाला तिथल्या तिथे फिरवत ठेवणारा चकवा. दुसऱ्याच्या शेतातलं पिकलेलं आपल्या मालकाच्या घरी आणून टाकणारी, नारळात बांधून विकत आणलेली बायंगी. तो प्रत्येकापुढे रकाना आखून गुन्हा लिहीत होता. गिऱ्ह्यापुढे त्याने लिहिलं "खून", चकव्यापुढे "दिशाभूल", बायंगीपुढे "चोरी".

मग मी लावसट सांगितली. आमच्याच वाडीच्या खालच्या अंगाला, पाणंद संपते तिथे जुनी बाव, म्हणजे विहीर आहे, तिच्यावरची. तिन्हीसांजेनंतर तिथे कोणी जात नाही. पांढरं लुगडं, मोकळे केस, कडेवर काहीतरी गुंडाळलेलं, असं पाहिलेली माणसं आमच्या लहानपणी होती. "हिने काय केलं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, बाळंतपणात मेली. "हो, पण गुन्हा काय?" मला काही सुचेना. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, रकाना मोकळा ठेवला आणि पहिल्या रकान्याकडे वळला. "बरं, नाव काय तिचं?" मी म्हटलं, लावसट. तो म्हणाला, "ते मेल्यावरचं. आधीचं नाव सांग. आजोबांच्या वहीत सगळ्यांत आधी नावच असतं."

ते नाव मला ठाऊक नव्हतं.

आजोबा म्हणजे माझे वडील, अण्णा. 1962 साली पोलिसात भरती झाले, हवालदार झाले आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी समुद्राच्या अंगाला, आज या खाडीकाठी तर उद्या त्या बंदरावर. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यांनी स्वतःसाठी ठेवलेल्या वह्या आहेत, पिवळ्या पडलेल्या, कसरीने कडा खाल्लेल्या. त्यात सरकारी काही नाही. कोणाला काय विचारलं, कोण काय म्हणाला, घरी परत येऊन आठवून लिहिलेलं. प्रत्येक नोंदीची सुरुवात मात्र ठाण्यातल्या जबाबासारखीच आहे: मी अमुक तमुक, वय इतकी वर्षे, धंदा शेती, राहणार अमुक वाडी, समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की. मी लहान असताना हे वाक्य मला पाढ्यासारखं पाठ होतं. बाहुल्यांचे जबाब घ्यायचे मी. नाव, वय, धंदा, राहणार. पुढे काय लिहायचं ते मला माहीत नसे, म्हणून माझ्या बाहुल्यांचे जबाब तिथेच संपत.

अण्णांची एक सवय त्यांच्या साहेबांना खटकायची. माणूस जे बोलेल ते आणि तसंच ते लिहीत. साक्षीदार म्हणाला की देवचाराने, म्हणजे रात्री हद्द फिरणाऱ्या भुताने, वाट अडवली, तर जबाबात देवचाराने वाट अडवली. एकदा एका साहेबांनी त्यांना पान फाडून नव्याने लिहायला सांगितलं होतं. "अंधारात अनोळखी इसम दिसला असं लिहा, कोर्टात हसतील." अण्णांनी लिहिलं नाही. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, तसा कायदाच आहे. खाली एवढंच लिहायचं असतं की माझा जबाब वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. अण्णा म्हणत, ज्याच्यावर त्याची सही नाही त्यात माझे शब्द घालायचा मला काय अधिकार? तो देवचार म्हणाला ना, मग देवचारच. पुढचं मी बघतो.

पुढचं म्हणजे ते प्रश्न विचारत. त्या वहीतले प्रश्न वाचताना मला आजही त्यांचा आवाज ऐकू येतो, घशात थोडी खरखर असलेला, कधीच न चढणारा. किती वाजले होते. चंद्र उगवला होता का. वारा कुठचा होता. कुत्री भुंकली की गप्प होती. भरती होती की ओहोटी. एका नोंदीत खाडीकाठचा एक म्हातारा सांगतो की अमावास्येला रात्री गिऱ्हा पाण्यावरून दिवा घेऊन फिरतो, आपण तीनदा पाहिला. अण्णांनी त्याला भूत कसं दिसत होतं हे विचारलंच नाही. तीनही वेळा पाणी किती होतं ते विचारलं. म्हातारा म्हणाला, भरलेलं. आपल्या किनाऱ्यावर अमावास्येला आणि पौर्णिमेला मध्यरात्रीच्या आसपास भरती भरते, हे रापणीवरचं पोरही सांगेल. पौर्णिमेला उजेड असतो, अमावास्येला नसतो. एरवी गाळात रुतणारी होडी त्या दोन-तीन तासांत खाडीत आत येऊन परत जाऊ शकते. त्या होडीत काय होतं ते दक्षिण कोकणात राहणाऱ्यांना सांगायला नको. गोव्याची दारू आमच्याकडे तेव्हाही यायची, अजूनही येते, फक्त आता गाड्यांतून येते. म्हाताऱ्याने पाहिलेला दिवा खरा होता, वेळ खरी होती, जागा खरी होती, त्याची भीतीही खरी होती. अण्णांच्या हिशेबात एवढं पुष्कळ होतं.

ते स्वतः भुतं मानत की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. रात्रीच्या गस्तीला सायकल, बॅटरी आणि काठी घेऊन निघत. पावसाळ्यात अंगावर रबराचा तो जड रेनकोट असे. परत आले की त्याचा वास घरभर होई, ओलं रबर, घाम आणि सायकलच्या चेनचं तेल. एकदा एका सड्यावर धुक्यातून काठी टेकत येताना एका शेतकऱ्याने त्यांना पाहिलं आणि तो रस्त्यातच हात जोडून उभा राहिला. खिशातली विडी काढून दगडावर ठेवली आणि मान खाली घालून म्हणाला, माझी गुरं राख. देवचाराचं वर्णन आमच्याकडे असंच आहे, खांद्यावर कांबळं, हातात काठी, रात्रीची हद्द फिरणं, चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडणं. अण्णांनी त्या माणसाची समजूत घातली नाही, ते तसेच पुढे गेले. ही गोष्ट सांगताना ते हसत नसत. आई म्हणायची, अहो सांगायचंत तरी त्याला. ते म्हणत, त्याला त्या रात्री पोलिसापेक्षा देवचाराची गरज होती, आणि मी काही त्याची विडी उचलली नाही.

आरवलीच्या वेतोबाला मात्र ते दर वर्षी जात. मला घेऊन जात. देवासमोर केळ्यांचे घड लागलेले असत, पिकत आलेल्या केळ्यांचा गोडसर, जरा आंबूस वास गाभाऱ्यात भरलेला, आणि समोर ती उंच, काळी, मिशीवाली मूर्ती. पण माझं लक्ष सगळं चपलांवर. नवसाच्या त्या चामडी चपला, माझ्या हातापेक्षा लांब. मी एकदा हळूच एका चपलेत हात घातला होता. आतलं चामडं गार होतं आणि कोपऱ्यात बोटांना वाळू लागली. वेतोबा रात्री गाव फिरतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात, असं सगळेच सांगतात. मी अण्णांना विचारलं, खरंच फिरतो? ते म्हणाले, गावातल्या बायका रात्री दारं लावून झोपतात ना शांत, मग कोणीतरी फिरत असेल. लहानपणी हे उत्तर मला पुरलं होतं. मोठेपणी, शिकले-सवरल्यावर, त्या उत्तराचा मला रागही आला. माणसाने माणसाची राखण करायची ती देवावर सोपवायची, आणि देवाला चपला दिल्या की आपलं काम झालं, असं ते वाटायचं. आता त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी मी आहे. गेल्या वर्षी गेले तेव्हा पुन्हा चपलेत हात घालावासा वाटला आणि घातला नाही.

भाच्याच्या प्रश्नाने मला ज्या वहीकडे जायला लावलं, ती मी एरवी टाळते.

साल 1979. सिंधुदुर्ग जिल्हा व्हायला अजून दोन वर्षं होती, सगळा कारभार रत्नागिरीहून चाले. मे महिना. एका वाडीत एकवीस वर्षांची सून घराच्या मागच्या बावीत सापडली. लग्नाला तीन वर्षं झालेली, एक बाळंतपण झालेलं, मूल जगलं नव्हतं. अण्णा पोहोचले तेव्हा तिला वर काढून खळ्यात झावळांवर ठेवलं होतं. सासरच्यांनी, शेजाऱ्यांनी, पंचांनी, सगळ्यांनी एकच सांगितलं. त्या बावीवर लावसट आहे. दोन दिवस हिला ती दिसत होती. हिचं मूल गेलं म्हणून लावसटीने हिला आपल्याकडे बोलावलं. एकाचाही जबाब दुसऱ्यापासून हलला नाही. अण्णांनी पाच जबाब लिहिले, पाचही ते म्हणाले तसेच. माहेरची माणसं दुसऱ्या दिवशी आली. बाप खळ्याच्या कडेला बसून राहिला आणि काही तक्रार नाही असं म्हणाला. घरी अजून दोन मुली होत्या त्याच्या. शवविच्छेदन झालं, त्यात बुडून मृत्यू आला. ती कशी बुडाली हे त्या कागदावर नसतंच. अकस्मात मृत्यू म्हणून नोंद झाली होती, ती तशीच बंद झाली.

पण त्या वहीत एक ओळ आहे, खाली पेन्सिलीने रेघ ओढलेली: दोर कोरडा होता. सगळ्यांनी सांगितलं होतं की ती पहाटे पाणी काढायला गेली. रहाटावरचा काथ्याचा दोर अण्णांनी स्वतः हातात घेऊन पाहिला, पोहरा उपडा घालून ठेवलेला, दोराचा वेटोळा नीट घातलेला, आणि आतल्या पदरापर्यंत कोरडा. काथ्या भिजला की लवकर वाळत नाही, हे कोकणातल्या कोणत्याही बाईला विचारा. त्या सकाळी त्या बावीचं पाणी कोणी काढलंच नव्हतं. पंचनाम्यात त्यांनी ते लिहिलं, दोर व पोहरा कोरडे. साहेबांनी विचारलं, मग? अण्णांकडे त्या मग्‌चं उत्तर नव्हतं. कोरड्या दोराने कोणाचं नाव सांगितलं नाही. पाच जबाब एका बाजूला आणि दोर एका बाजूला. ज्या सवयीचा त्यांना अभिमान होता, लोक म्हणतील ते तसंच्या तसं लिहायचं, तिनेच त्या दिवशी त्यांच्याकडून पाच वेळा लिहून घेतलं की आरोपी लावसट आहे. हिला अटक करता येत नाही, हिची उलटतपासणी होत नाही, हिच्या बाजूने वकील उभा राहत नाही. आणि ती आधीच मेलेली.

1983 साली कायदा बदलला. लग्नाला सात वर्षं झाली नसतील आणि बाई संशयास्पद मेली, तर शवविच्छेदन, चौकशी, सगळं सक्तीचं झालं. नवऱ्याकडून आणि सासरकडून होणाऱ्या छळाचं 498-अ हे कलमही त्याच वर्षीचं. मी तेव्हा कॉलेजात होते. अण्णांनी वर्तमानपत्रातली ती बातमी कापून वहीच्या त्याच पानात ठेवली आहे. बाजूला काही लिहिलेलं नाही. कात्रणाची टाचणी गंजून तिचा लालसर डाग त्या पेन्सिलीच्या रेघेवर उतरला आहे. अण्णा 2010 साली गेले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम आला आणि वर्षअखेरीला जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो त्यांना पाहायला मिळाला नाही. मी तो कायदा नीट वाचला आहे. भूत असतं की नसतं, या वादात तो पडत नाही. भुताच्या नावाने माणसाला साखळीने बांधणारा, मारणारा, धुरी देणारा, एखाद्या बाईला करणी करणारी ठरवणारा, त्याला तो पकडतो. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा, जामीन हक्काने मिळत नाही. आणि त्यात दक्षता अधिकारी म्हणून एक पद आहे, पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा माणूस तिथे चालत नाही. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याचे डोळे चमकले. "म्हणजे माझा इन्स्पेक्टर खरंच आहे!" आहे बाबा. कागदावर तरी आहे.

गणपती गेले, मी रत्नागिरीला परत आले, पण तो मोकळा रकाना माझ्यासोबत आला. स्वयंपाक करताना, बसमध्ये, झोपायच्या आधी. वाडीतल्या प्रत्येकाला ती बाव माहीत आहे. तिथे कोणत्या दिवशी काय ठेवायचं, कोणत्या वेळी जायचं नाही, कोणाला दिसली, कोणाचा ताप किती दिवस उतरला नाही, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या माणसं एकमेकांना सांगत आली. तिचं लुगडं सांगितलं, केस सांगितले. नाव कोणी सांगितलं नाही. भाचा फोनवर मला म्हणाला होता की त्याची गोष्ट अडली आहे, कारण भुतांच्या शहरात खून होऊच शकत नाही, मेलेल्याला कोण मारणार? मग इन्स्पेक्टरला काम काय? मी तेव्हा काही बोलले नाही. मला वाटत होतं की मेलेल्याकडूनही काढून घेण्यासारखं काहीतरी उरतं, आणि आमच्या वाडीने ते काढून घेतलं आहे.

काकीला विचारलं आधी. काकी म्हणजे आमच्या शेजारची, नव्वदीला टेकलेली, 1957 साली लग्न होऊन या वाडीत आली. कानांनी तल्लख. मी फोनवर विचारलं तर म्हणाली, "गो, तिचा नाव कोणाक म्हायत? लावसट ती लावसट. माझी सासू सांगी, आपण लग्न करून इलंय तेव्हा ती बावीर होतीच." म्हणजे सासूचं लग्न व्हायच्या आधीची. काकीचे यजमान 1934 चे. एवढा धागा मला पुरला. अण्णांची मुलगी आहे मी.

पूर्वी गावातले जन्म-मृत्यू गावातच नोंदले जात. गाव नमुना 14, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. 2023 साली कुणबी नोंदी शोधायला राज्यभर ही जुनी दप्तरं उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली, वर्षानुवर्षं रुमालात बांधलेले कागद उजेडात आले. माझ्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक मोडी वाचतात. त्यांना सोबत घेऊन, अर्ज करून, दोन खेपा फुकट घालवून, तिसऱ्या खेपेला आम्हाला आमच्या गावची पानं पाहायला मिळाली. 1925 ते 1934. शाई तपकिरी झालेली, कागद इतका ठिसूळ की पान उलटताना सर श्वास रोखून धरत. त्यांनी बोट न टेकवता, हवेतच बोट फिरवत वाचायला सुरुवात केली आणि मी लिहून घेऊ लागले. ताप, ताप, देवी, ताप, सर्पदंश, बाळंतपण. मी थांबवलं. नाव, नवऱ्याचं नाव, वय 19. मला वाटलं, सापडली. सर पुढे वाचत राहिले. बाळंतपण, वय 22. पुढच्या पावसाळ्यात बाळंतपण, वय 17. मी हळूहळू लिहायची थांबले. दहा वर्षांत, एका लहानशा गावात, आमच्या वाडीपुरत्या आणि आजूबाजूच्या दोन वाड्यांपुरत्या, पाच जणी. शेवटची तीस वर्षांची. तिच्या नोंदीखालच्याच ओळीत, दोन दिवसांनी, वडिलांच्या नावावर एक "मुलगी, दिवस 2".

यातली लावसट कोण?

मी आणि सर बाहेर येऊन कचेरीच्या आवारातल्या चाफ्याखाली बसलो. सर म्हणाले, चहा घेऊ. चहा आला, निवला, आम्ही दोघंही बोललो नाही. एका भुताचं नाव शोधायला गेले होते आणि माझ्या हातात पाच नावं होती. नावं इथे लिहीत नाही, त्यांची घरं अजून गावात आहेत, त्यांना आधी विचारायला हवं. पण नावं साधीच आहेत, तेव्हा घरोघर असायची तशी. वाडीने त्या पाचजणींना मिळून एक पांढरं लुगडं नेसवलं आणि एका बावीवर उभं केलं, असं म्हणावं तर वाडीवर अन्याय होईल. त्या वेळी गावात नीट शिकलेली सुईणही नव्हती, दवाखाना कोसांवर, पावसात खाडी ओलांडायला होडी नाही. रात्रभर ओरडणारी बाई पडवीत बसून ऐकणाऱ्या माणसांनी नंतर काय करायचं होतं? ते ओरडणं कुठेतरी ठेवायलाच हवं होतं. तरीही मला राग येतो. बावीपाशी घाबरून पळणारी मीच होते, आणि मला कोणी सांगितलं नाही की ती सतरा वर्षांची असेल.

मे महिन्यात गावाला गेले तेव्हा तो कागद घेऊन काकीकडे गेले. काकी खळ्यात आमसुलं वाळत घालत होती, हात मनगटापर्यंत जांभळे. मी एकेक नोंद वाचली. पहिल्या दोन तिने नुसत्या ऐकल्या. तिसरीला नवऱ्याचं नाव आलं आणि तिचा हात सुपातच थांबला. "परत वाच." मी परत वाचलं. ते तिच्या सासऱ्यांचं नाव होतं. सासू दुसरेपणावर आलेली, हे काकीला माहीत होतं. पहिली कशाने गेली ते कोणी सांगितलं नव्हतं, तिने विचारलं नव्हतं. ती उठली, भिंतीला धरत धरत आत गेली आणि देव्हाऱ्यातून काहीतरी मुठीत घेऊन आली. चांदीचा चपटा टाक, बोटाच्या पेराएवढा, वर उभी बाईची आकृती, नाकडोळे घासून गेलेले, कडेला जन्मभराचं कुंकू बसलेलं. सवतीचा टाक. सासू मरेपर्यंत तो गळ्यात घालायची, मरताना काकीच्या हातात दिला आणि देवात ठेव म्हणाली. "मी साठ वर्सां हिका रोज फुल घालतंय," काकी म्हणाली. "हिचा नाव माका आज कळलां." मग तिने ते नाव उच्चारलं. आमसुलाच्या जांभळ्या बोटांनी टाक धरून, दोनदा.

रात्री भाच्याला फोन केला. तो अभ्यासाला बसला होता, पण वही काढली. मी सगळं सांगितलं, तो मध्ये एकदाही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे पाच जबाब." मी म्हटलं, हो. त्याने पान आखल्याचा आवाज आला, पट्टी टेबलावर टेकल्याचा. पहिलं नाव सांगितलं, ऱ्हस्व की दीर्घ ते त्याने विचारून घेतलं. वय? एकोणीस. धंदा? मी क्षणभर थांबले. ठाण्यात बायकांपुढे "घरकाम" लिहीत, अण्णांच्या वहीतही तेच आहे. मी म्हटलं, शेती लिही, पोट घेऊन लावणीला वाकायच्या त्या. त्याने लिहिलं.

"राहणार?" त्याने विचारलं. "सासरचं गाव लिहू की माहेरचं?"

काकीच्या खिडकीत अजून उजेड होता. मी म्हटलं, थांब, विचारून सांगते.